‘बेग’ न करता मिळालेलं बोलावणं

इंग्रजीतल्या ‘बेग’ या एका क्रियापदावर मी अख्खी नोकरी काढली, हसू नका. परवा शेजारची सायली अर्ज लिहून घ्यायला आली. आमच्या पलासिया भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची जागा होती आणि तिला ती हवीच होती. मी सवयीने सुरुवात केली, ‘आय बेग टू स्टेट’.

“अरे काका, ये तो भीक मागणं झालं ना!”

“अगं, तो शिष्टाचार आहे. आम्ही अर्ध्या दिवसाची रजासुद्धा बेग करूनच मागायचो.”

“मिळायची?”

“क्वचित.”

मग मी तिला पटवायला शब्दकोश उघडला. त्यात पहिला अर्थ भीक मागण्याचाच, आणि शब्द मुळात कुठून आला हे नक्की सांगता येत नाही म्हणे. आमच्या हापिसातून आला नाही, एवढंच समाधान.

सायलीने ओळ खोडली आणि लिहिलं, ‘मला गणित चांगलं शिकवता येतं. एक तास शिकवून दाखवते.’

“गेली तुझी नोकरी,” मी म्हणालो.

अर्ज तिने तसाच पाठवला. संध्याकाळी ती आमच्याकडे बसलेली असतानाच क्लासवाल्यांचा तिला फोन आला, “मॅडम, सोमवार से आ जाइए.”

आतून बायको म्हणाली, “सायली, यांच्या पेन्शनचा अडकलेला अर्जही तूच लिही गं.”