तीन म्हणायच्या आत

नाही नाही, ती कार्डशीटं गुंडाळ बघू आधी. सहाच्या सहा गुंडाळ. एवढं बारीक लिहिलंस तर लोक वाचत बसतील की तुझं ऐकतील? काहीच करणार नाहीत – जांभया देतील. अक्षर सुरेख आहे हं तुझं, त्याला नावं नाही ठेवत मी. शाळेतल्या भाषणाचा विषय काय म्हणालीस – डोळ्यांची निगा? मग एक मोठ्ठा डोळा काढ. खिडकीएवढा. त्याला पापण्या लाव, दोरी ओढली की उघडझाप करणाऱ्या. आणि त्यालाच बोलू दे – ‘काल रात्री ही मुलगी मला झोपूच देईना हो!’ हसलीस ना? बघ. तुला लाज वाटते, डोळ्याला कुठे वाटते? तू आपली त्याच्यामागे उभी राहा. मीही असाच सुरू झालो, खरं सांगतो. आज चारशे कामगारांपुढे बोलतो म्हणून तुझ्या बाबांनी तुला खाली पाठवलं, पण पहिल्या दिवशी मी कागदातून मान वर काढली नव्हती.

मी मूळचा स्टोअरमधला माणूस – नट-बोल्ट, ग्रीस, हातमोजे द्यायचे आणि सही घ्यायची. सुरक्षेचं भाषण देणारे साहेब नोकरी सोडून गेले आणि मॅनेजर म्हणाले, तुम्हाला सगळी मशिनं ठाऊक आहेत, तुम्हीच द्या. चाळीस नियम होते. मी ते चाळीसच्या चाळीस वाचले. बाराव्याला एक जण घोरायला लागला आणि विसाव्याला त्याला कोणी उठवेना, कारण उठवणाराही झोपला होता. घरी आलो आणि ह्याच टेबलावर बसून कागदावर एक हात काढला. त्याला डोळे काढले, मिशा काढल्या, नाव दिलं हातोबा. पाच बोटं म्हणजे त्याचं कुटुंब – अंगठा आजोबा, करंगळी शेंडेफळ. काकूला दाखवला तर ती इतकी हसली, इतकी हसली – तेव्हा हसायची ती. पाणी प्यायलीस का? दिलं नाही वाटतं तिनं. थांब, मी आणतो. – हं, घे. तिचं मनावर घेऊ नकोस, ती तुझ्यावर नाही रागावलेली.

तर हातोबा. पडद्यावर एकामागून एक चित्रं, आणि पुढे मी पुठ्ठ्याचं मशीन ठेवलं. फ्रिजच्या खोक्याचं. पत्र्यावर दाब देऊन त्याला आकार देणारं प्रेस मशीन असतं आमच्याकडे, हुबेहूब तसंच – तोच हिरवा रंग, वरून खाली येणारा जबडा, आणि जबड्याची दोरी माझ्या हातात. त्याच्या आत एक हातमोजा ठेवायचो, मोज्यात खडू भरलेले. जबडा सोडला की कडाकड आवाज. आणि मग मी मोजा उलटा करून तो चुरा टेबलावर ओतायचो – एक शब्द न बोलता. काय शांतता व्हायची म्हणतेस! टाचणी पडली तर ऐकू येईल. तेवढंच ठेवायला हवं होतं. तेवढंच. तेव्हा कळलं नाही.

का बदललं? मॅनेजर म्हणाले, लोक फार घाबरतात, पुढे यायला कोणी तयार होत नाही, जरा खेळीमेळीचं करा. आणि मलाही – आता तुझ्यापासून काय लपवायचं – मलाही ती शांतता आवडायची नाही. मला हशा हवा होता. म्हणून मी खेळ काढला. एकाला पुढे बोलवायचं, त्यानं जबड्याखाली हात ठेवायचा, आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं – एक! दोन! – आणि तीन म्हणायच्या आत त्यानं हात काढायचा. सुटला तर त्याला लिमलेटची गोळी. खेळामागचा अर्थ काय होता? हात घालायचाच नाही, हा होता! मी शेवटी सांगायचो ना तसं, हातोबा हात जोडून सांगायचा. पण तोवर कोण ऐकतोय? गोळ्या वाटणं चाललेलं असायचं. लोक जेवायच्या सुट्टीत विचारायचे, पुढचा कार्यक्रम कधी? सुरक्षेचा कार्यक्रम कधी, असं विचारणारे कामगार पाहिलेस का तू? दुसऱ्या कारखान्यातून मला बोलावणं यायचं. वर्षातला उत्तम कर्मचारी म्हणून फोटो लागला – तो तिथे भिंतीवर चौकोन दिसतोय ना पुसट, तिथे होता. काकूनं काढला.

आता तू हुशार आहेस, तू विचारशील – काका, दोरी तर तुमच्या हातात, मग लोक हरायचे कधी? कधीच नाही. मी हरूच द्यायचो नाही कोणाला. एकदा एकाच्या हातावर पुठ्ठा आपटला तर तो खट्टू होऊन बसला, आणि सगळा माहोलच गेला. त्यानंतर मी दोरी धरूनच ठेवायचो. हात निघाला की मग सोडायचो. चारशे माणसांना मी दीड वर्ष हेच शिकवलं की तीन म्हणायच्या आत हात निघतो.

माझा धाकटा मेहुणा. काकूचा भाऊ. मीच लावला त्याला कारखान्यात. प्रत्येक खेळाला पहिला पुढे यायचा, गोळ्यांनी खिसा भरायचा, आणि सगळ्या शेडला ओरडून सांगायचा, ‘आमचे भावजी आहेत ते!’ मार्च महिन्यात त्याच्या मशीनमध्ये पत्रा अडकला. मशीन बंद करायचं, मग पत्रा काढायचा, हा पाचवा नियम. त्यानं बंद नाही केलं. शेजारचा सांगतो, तो हसला आणि म्हणाला – एक, दोन –

नको, तू कशाला रडतेस. अंगठा आहे. करंगळी आहे. दवाखान्यात मला बघून पहिलं वाक्य काय बोलला माहितीये? ‘भावजी, तीनच्या आत काढला होता हो मी.’ जणू मी पंच आहे आणि तो दाद मागतोय.

चौकशी झाली. कामगाराला प्रशिक्षण दिलं होतं का, असा एक रकाना असतो. मी लिहिलं – पूर्ण दिले होते. हजेरीवर त्याची सही होती, उजव्या हाताची. खेळाचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर? नसतंच सांगितलं. पुठ्ठ्याचं मशीन मी अपघाताच्याच संध्याकाळी तोडून भंगारात टाकलं होतं. चूक त्याची ठरली. चूक त्याची, म्हणजे कामावरून जाणार. मग मॅनेजरांनी तोड काढली – त्याला काढायचं नाही, त्यानं प्रत्येक भाषणात मंचावर यायचं आणि हात दाखवायचा. उद्या दहा वाजता पहिली वेळ. नवीन भरतीची साठ मुलं-मुली बसतील. काकू म्हणते, माझ्या भावाचा तमाशा करताय. मी म्हणतो, अगं, मॅनेजरांचं डोकं ते, मी काय करू? नाही तर त्याची नोकरी जाते.

मॅनेजरांचं नाही. माझं डोकं. मीच गेलो होतो त्यांच्या केबिनमध्ये. भाषणं बंद करून मला परत स्टोअरला पाठवणार होते ते, नट-बोल्ट मोजायला. मी म्हटलं, साहेब, चित्रापेक्षा खरी वस्तू जास्त ठसते. वस्तू म्हणालो मी. हे काकूला माहीत नाही – आणि तू सांगणार नाहीस. सांगणार आहेस का? नाही, तू बोलतच नाहीस कोणाशी. म्हणूनच बोललो वाटतं तुझ्याजवळ.

उद्या जाऊन सांगता येईल सगळं, तेही कळतं मला. मंचावर उभं राहायचं, हातोबा नाही, पडदा नाही, आणि सांगायचं की मी दोरी धरून ठेवायचो. सात रात्री हेच घोळतंय. पण मग प्रशिक्षण खोटं, माझी सही खोटी, दोघेही घरी. आणि न सांगितलं तर तो दर महिन्याला नव्या माणसांसमोर म्हणणार, ‘चूक माझी होती.’ मीच लिहून दिलंय ते वाक्य. पाठ केलंय त्यानं.

आणि तो कुरकुर तरी करतोय का? छे! सरावाला रोज पाचाला येतो. काल फोन करून म्हणतो, ‘भावजी, मला एक सुचलंय. आधी डावा हात वर करतो, सगळ्यांना नमस्कार करतो, गप्पा मारतो. उजवा खिशातच. आणि मग एकदम काढतो – काय दचकतील!’ मी म्हटलं, कर. कारण चांगलं सुचलंय ते. मला नसतं सुचलं. माझ्याकडूनच शिकलाय.

बेल वाजली. तोच. नाही, काकू नाही उघडणार – सख्खा भाऊ आहे, पण ह्या कामासाठी आला की ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते. मीच उघडतो. तुझी कार्डशीटं उचल, तो डोळा काढ सांगितल्यासारखा – किंवा नको काढू. लिहिलंयस तेच वाच. झोपू देत झोपतात ते. चल ऊठ. आणि ऐक, जिन्यात तो तुला थांबवील, कालपासून नवीन माणूस दिसलं की करून बघतो तो – डावा हात हलवील, शाळेचं विचारील, आणि मग उजवा काढील. तेव्हा शांत उभी राहू नकोस. दचक. थोडी तरी दचक, त्याला बरं वाटतं. – आलो, आलो रे! जा तू.