नामदेवभाऊचा माहितीपट

आमच्या नामदेवभाऊची फजिती ऐका. ते मोहर्लीच्या तलावात मासे धरतात. सरकारी टीव्हीवाल्यांनी त्यांच्यावर माहितीपट बनवला. परवा आगामी कार्यक्रमांत त्याची झलक येणार म्हणून भाऊनं अख्खा मोहल्ला घरी जमवला.

टीव्हीवर भाऊ खांद्यावर जाळं घेऊन उभे. म्हणाले, "मी वाघाले बी भेत नाई!"

तेवढ्यात टीव्हीतच मागून वहिनीचा आवाज आला, "अवो, इकडे या बरं!"

भाऊ जाळं तिथंच टाकून पळत सुटले. झलक संपली.

लोकं हसून हसून बेजार. भाऊनं टीव्हीच बंद केला. मी विचारलं, "भाऊ, हा माहितीपट हाय का विनोदी मालिका?"

चहा देता देता वहिनीच म्हणाल्या, "माहितीपटच हाय. त्यात सगळं खरं दाखवतेत."