समोरचा

तुम्ही हसाल, पण डिचोलीत दर रविवारी मी पंच असतो. पोरं ते चित्रांचे पत्ते जमवून खेळतात ना, प्रत्येक पत्त्याची ताकद वेगळी, त्या खेळाच्या शंका मी सोडवतो.

एकदा कोरगावचे दोघे सख्खे भाऊ समोरासमोर आले. काजूच्या बागेच्या वाटणीवरून त्यांची बोलचाल बंद होती. आपली पाळी संपली की दोघंही नुसतं टेबलावर बोट आपटायचे.

मध्येच थोरल्याने मला बाजूला नेलं. "समोरचो आपल्या पत्त्याची ताकद वापरूक विसारलो. मी त्याका सांगूक व्हया काय?"

सख्ख्या भावाला 'समोरचो' म्हणत होता.

"नाही," मी म्हटलं. "नुकसान त्याचं. डाव तूच जिंकशील."

"पण सांगलंय तर चूक नाय मा?"

"चूक नाही."

तो जाऊन बसला आणि भावाच्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो विसारलंस."

आता धाकटा उठून माझ्याकडे आला. "तो बोललो. आता माका बोलूकच व्हया काय?"

"नियमात तसं काही नाही."

परत जाऊन त्याने तो पत्ता वापरला. बोट मात्र आपटलं नाही.

"दादा, तुझी पाळी."