सायकलीचं राहिलेलं सामान

मला सांगा, साधी सायकल घ्यायची तर माणसाने किती डोकं फोडायचं? आमच्या गावापासून पिंपळनेरच्या माझ्या शाळेपर्यंत अर्धा रस्ता डांबरी, अर्धा खडीचा. दोन्हीवर पळेल अशी सायक्लोक्रॉस हवी होती, पण नवी परवडेना. तीन महिने शोधून धुळ्याहून एक वापरलेली आणली.

वडिलांनी, म्हणजे नानांनी, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. “स्टँड कोठे शे?”

“हिला नसतं, नाना.”

“कॅरियर? मडगार्ड?”

“तेही नसतं. हलकी राहावी म्हणून.”

“जुनी देताना त्यानी बठ्ठं काढी लिधं, आन् तू हासत हासत ली उना!”

विकणाऱ्याने सगळं काढून घेतलं म्हणे! मी कपाळावर हात मारला.

रविवारी एका लग्नाहून परत येतो तर काय! गावातल्या मिस्त्रीने स्टँड, कॅरियर, मडगार्ड, घंटी, सगळं ठोकलेलं. खाली वळलेलं हँडल उलटं करून वर केलेलं. मागे गवताचा भारा.

“नाना, काय करून ठेवलं हे!”

“आते सायकल दिसस. हाई मी वापरस,” नाना घाम पुसत म्हणाले. “तू दुसरी देख. आन् यावेळे सामान मोजीसन ली ये.”