हापूसचा ट्रक

ट्रक ड्रायव्हरला कोणी शिव्या घातल्या ना, की माझं डोकंच फिरतं. का ते ऐका. अमेरिकेतल्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळाने अक्षय्य तृतीयेच्या जेवणासाठी हापूसच्या पेट्या मागवल्या होत्या. विमानाने आलेला माल शिकागोहून ट्रकने यायचा होता, आणि ट्रक लेट. आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष सबनीस काका यांनी आम्हा सगळ्यांसमोर ड्रायव्हरला फोन लावला, तोही स्पीकरवर.

ड्रायव्हर पंजाबी होता. म्हणाला, "भाईसाब, बहुत नींद आ रही है. गाडी लगा के सो जाता हूं. कल शाम तक पहुंचूंगा."

"शाम को क्या करूं? दोपहर में सब लोग खाने पे आएंगे! चाय पिओ और चलाओ."

मी म्हटलं, "काका, झोपू दे ना त्याला."

"तू गप रे. तृतीयेला आमरसाऐवजी काय जॅम वाढू?"

"ठीक है जी," एवढंच म्हणाला तो बिचारा.

सकाळी कळलं, त्याला डुलकी लागली आणि ट्रक हायवेवरून खाली जाऊन उलटला. तो आयसीयूत होता. मी ग्रुपवर टाकलं, तर पहिला रिप्लाय आला, "अरे बापरे! मग आंब्यांचं काय?"

काय होणार? दुकानातून पल्पचे डबे आणले आणि जेवण वेळेवर झालं. पंगतीत विषय निघालाच. काका आमरसात पुरी बुडवत म्हणाले, "एवढी झोप येत होती, तर थांबायचं ना! बेजबाबदार असतात हे लोक."