हसू नका, टाके आहेत

...आणि वर लोक मलाच विचारतात, "यात हसण्यासारखं काय आहे?" अहो, हसू ही काय समजावून सांगायची गोष्ट आहे? तुम्हाला सांगतो, विनोदी पुस्तक वाचून दाखवायला जगात सगळ्यात वाईट जागा कुठली, तर ऑपरेशन झालेल्या पुरुषांचा वॉर्ड! चार खाटा, चार पोटं, चारही पोटांवर टाके, आणि दारात सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी... "हसायचं नाही हं, टाके आहेत!"

आता मी तिथे कसा? तर आमच्या बाबांचा हर्निया. त्यांच्याजवळ कोण बसणार यावर घरात बैठक भरली आणि काकाने निकाल दिला, "याला बसवा. कॉलेज सोडलंय, कामधंदा नाही, नुसतं बसायचंच आहे तर तिथे बसेल!" हा काका स्वतः नोकरीभर खुर्चीत बसून निवृत्त झाला, पण बोलणार कोण? मोठा ना तो!

आणि बाबा... बाबांनी जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले. काटा केसभर इकडेतिकडे झाला की दंड. हीच तपासणी घरात. पोराचं कौतुक? चुकून गुंजभर जास्त गेलं तर! कॉलेज सोडलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, "मी लिहिणार. विनोदी." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बघितलं. "लोकांना हसवणार तू? आधी मला हसवून दाखव." संपलं! त्यानंतर आमच्यात संभाषण म्हणजे "जेवलास?", "हो", "मग तो दिवा बंद कर."

तर त्या वॉर्डात मी एक पुस्तक घेऊन गेलो. बारा जणांच्या बारा विचित्र गोष्टी, मुखपृष्ठावर चष्मा लावलेली बकरी. आणि आता तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका, त्यातली नववी गोष्ट माझी. टोपणनावाने. घरी कुणाला पत्ता नाही.

पुस्तकाबद्दल लोकांची मतं मी नेटवर रोज बघायचो हो, रोज! एकाने लिहिलं, "पुस्तक वेळेत मिळालं, पॅकिंग उत्तम, तीन तारे." अरे, पॅकिंग वाचलंस का बाबा? दुसरा, "कथा फारच विचित्र आहेत." मुखपृष्ठावर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'विचित्र कथा' लिहिलंय, तुला काय पाककृती हव्या होत्या? तिसऱ्या बाई, "भावाला भेट दिलं, त्याने अजून उघडलं नाही, पण छान आहे." म्हटलं, या जगात खरं मत मिळणार कुठे?

मिळालं ना! वॉर्डात मिळालं!

झालं काय, मी आपला मनातल्या मनात वाचत होतो, तर शेजारच्या खाटेवरचे टेलरकाका म्हणाले, "एकटा एकटा काय खातोस? आम्हालाही दे." मी मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्याच गोष्टीत टेलरकाका असे काही हसले की "आई गं!" म्हणून पोट धरून आडवे. सिस्टर धावली, "हसायचं नाही हं, टाके आहेत! आणि अगदीच आवरलं नाही तर ही उशी पोटावर दाबून धरायची!" आणि उशी दिली. झालं! तिथून पुढे वॉर्डातले सगळे मतं तारे-बिरे सोडून उशांत मोजायला लागले. "ही एका उशीची." "ही दोन उशांची, शेजारच्याचीही घ्यावी लागली." टेलरकाका कापडावरून फिरवावं तसं बोट फिरवून सांगायचे, "कापड झकास आहे पोरा, पण शेवटी शिवण ढिली सोडलीय बघ."

समोरच्या खाटेवर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं प्रत्येक गोष्टीला एकच, "बरं, पण यातून बोध काय?" अहो सर, एक माणूस न्हाव्याकडे स्वतःऐवजी आपला फोटो पाठवतो, यातून काय बोध घ्यायचा? "मग दहापैकी चार." आणि दाराजवळ एक बसकंडक्टर. ते दुसऱ्या वाक्याला घोरायचे आणि गोष्ट संपली की डोळे उघडून म्हणायचे, "वा! छान होती." मी म्हटलं, "तुम्ही झोपला होतात!" तर म्हणतात, "म्हणूनच तर छान म्हणतोय. वाईट असती तर झोप लागली असती का?" आता या मताचं मी काय करू? फ्रेम करू?

आणि सिस्टर! "हसायचं नाही हं" म्हणत जायची आणि दाराआड थांबून विचारायची, "मग त्या न्हाव्याने फोटोचे केस कापले का?"

या सगळ्यात बाबा? भिंतीकडे तोंड. हातात पेपराची नोकरीच्या जाहिरातींची बाजू वर केलेली घडी, मला दिसेल अशी. आठ गोष्टी झाल्या, आठ! उशीला हात नाही. मधेच एकदा, "आवाज खाली." एवढंच मत.

मग आली नववी. तुम्हाला सांगतो, गोष्ट साधीच हो. एक गृहस्थ घरातलं घड्याळ कायम पाव तास पुढे ठेवतात. जन्मभर सगळीकडे आधी पोचतात, दारं उघडण्याआधी दारं ठोठावतात. शेवटी मरतातही पाव तास आधी. वर जातात तर फाटक बंद! हे दरवानाला झापतात, "ही काय यायची वेळ?" दरवान डोळे चोळत म्हणतो, "काका, तुमची वेळ व्हायचीय, घरी जाऊन बसा." हे चिडून परत येतात, बघतात तर घरचे भोवती जमून रडतायत. तर हे काय म्हणतात? "रडा, पण पलीकडच्या खोलीतला पंखा कोण बंद करणार?"

टेलरकाकांनी दोन उशा घेतल्या. कंडक्टर जागे! चक्क जागे, डोळ्यांतून पाणी! मुख्याध्यापकांनी कवळी काढून वाटीत ठेवली, म्हणाले, "हशताना पडते." आणि मग त्यांची नजर गेली बाबांच्या खाटेजवळच्या टेबलावर. तिथे बाबांचं घड्याळ. मग भिंतीवरचं घड्याळ. मग पुन्हा टेबलावरचं. पाव तास पुढे... मुख्याध्यापक हळूच पांघरुणात शिरले.

आणि बाबा? हललेही नाहीत. भिंतीकडे बघतच बोलले, "घड्याळ पुढे ठेवतात त्याला शिस्त म्हणतात. लिहिणाऱ्याला अक्कल नाही. बापाने कधी कान पिळलेला दिसत नाही."

पिळून पिळून लांब झालेल्या दोन्ही कानांनी ते ऐकलं आणि पुस्तक मिटलं. म्हटलं संपलं. कंडक्टर जागा झाला, पण हा माणूस नाही. आता काकाला सांगावं, दे कुठेतरी नोकरीला चिकटवून, बसतो.

संध्याकाळी डॉक्टर आले. बाबांची पट्टी उघडली आणि थबकले. "अहो, इथला एक टाका सुटलाय! हसलात की काय?"

मी उठून उभा.

"मी?" बाबा म्हणाले. "हॅट! शिंकलो."

"मग उशी नाही का धरायची?"

"अचानक आली."

टेलरकाका म्हणाले, "आम्हाला कुणाला ऐकू नाही आली ती शिंक!" बाबांनी असं काही बघितलं त्यांच्याकडे, जसं खोटं माप सापडल्यावर दुकानदाराकडे बघायचे. टेलरकाका तिसरी उशी तोंडावर घेऊन आडवे! डॉक्टरांनी माझ्या हातातली बकरी काढून घेतली, "हे पुस्तक बंद!" नवा टाका, वॉर्डातला मुक्काम लांबला, काकाचा फोन, "नुसतं बसायला सांगितलं होतं, तेही धड जमलं नाही तुला!" आणि मी? मी कॉरिडॉरमध्ये एकटाच, भिंतीला टेकून... पोट धरून. मला टाकेही नव्हते हो!

सोडताना सिस्टरने बाबांना सांगितलं, जड उचलायचं नाही, खोकायचं नाही, "आणि शिंकायचं नाही हं, टाके आहेत!" टॅक्सीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. मधेच म्हणाले, "त्या बकरीच्या पुस्तकात त्या घड्याळवाल्या गाढवाची अजून एखादी आहे का?"

"नाही. एकच."

"बरं झालं." मग टॅक्सी घराच्या वळणावर आल्यावर, "टाके निघेपर्यंत दुसरी लिहू नको म्हणावं त्याला."

आता मला सांगा, कुणी विचारलं, कशी वाटली तुझी गोष्ट लोकांना, तर मी काय सांगू? घरून तारे नाहीत, उशी नाही. मिळाला एक टाका... आणि तोही शिंकेच्या नावावर!