आजीची आंघोळ

प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन शिंपीण एक्स-रेच्या खोलीबाहेर बसली होती. शेजारी छातीचा फोटो काढायला आलेले चर्चचे एक पाळक आणि त्यांची कॉलेजातली मुलगी. मुलगी सुवार्तेच्या कामासाठी दोन आठवडे परदेशी जाऊन कालच परतली होती, हे एव्हाना सगळ्या बाकाला कळलं होतं.

“रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायचीय तुला, तिथला अनुभव सांगायचाय.”

“काय सांगू, बाबा? मुलांना गाणी शिकवायला गेले होते. तिसऱ्याच दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या घरातली आजी वारली.”

“मग प्रार्थना केलीस ना?”

“तिच्या मुलीने मला आत बोलावलं. भाषा कळत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून आजीला आंघोळ घातली. केसांतली एक गाठ सुटेना, ती सोडवत बसलो.”

“आणि प्रार्थना?”

“शब्दच सुचले नाहीत. पाणी फार गार नाही ना, एवढंच बघत होते.”

मुलीने वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, आईला कोणी घातली होती आंघोळ?”

“तुझ्या मावशीने.”

“तुम्ही होतात आत?”

“बोलावलं होतं मला. मी दाराबाहेर उभा राहून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत राहिलो.”

“का?”

“हात लावायचा धीर होईना.”

आतून शिंपिणीला हाक आली. ती आवाज न करता उठली.

“बाबा, मग रविवारी आजीचं सांगू?”

“तू तुझं सांग. माझं मी सांगेन.”